निघताना ‘येते’ म्हणाले

२३ मार्च २००९, सोम. ओटावा

ज्यूरीत बसायला लागून तिसरा आठवडा. आरोपी गुबगुबीत स्वेटरवाला, कुणाचाही आजोबा शोभेल. टोळी लावून रेस्टॉरंटवाल्यांकडून हप्ते उकळले, न देणाऱ्याचं दुकान जाळलं, असं सरकारी वकील म्हणतात. आत ऐकलेलं घरी बोलायचं नाही, ही जज्जबाईंची ताकीद. सु.चं पोट फुगलंय. आज जेवताना म्हणाला, "निदान बोअर झालं का, तेवढं तरी सांग." नवऱ्याला काही न सांगण्याची सरकारी परवानगी! सिटिझनशिप घेतल्याचं सार्थक झालं.

चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी हॉल मिळाला. मसालेभात नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात.

२५ मार्च, बुध.

अक्षर बघा काय आलंय.

कोर्टातून येताना ग्रोसरीला थांबले. पार्किंगमध्ये आट्याची बॅग डिकीत टाकायला एक माणूस धावून आला. मी आपली थँक्यू थँक्यू. बॅग ठेवून म्हणाला, तुमची मुलगी प्रज्ञा गोड आहे, सकाळी बसस्टॉपवर एकटीच उभी असते ना? मग तसंच हसत, तुम्हा बारा जणांचं एकमत लागतं, एकीने ‘नॉट गिल्टी’ धरून ठेवलं की खटला लटकला. शुक्रवारी पाचला त्या समोरच्या डोनटच्या दुकानात बसू, कॉफी घेऊ.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कशीबशी गाडीत बसले, आणि काच वर करता करता, पाहुण्यांच्या घरून निघावं तसं तोंडातून निघून गेलं, "ओके, आय विल कम."

म्हणायचं होतं ‘येते’. नुसतं, निघते या अर्थाचं! लहानपणी ‘जाते’ म्हटलं की आईचा धपाटा ठरलेला, ते इतकं अंगात मुरलंय. सिग्नलला पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला की मी गुंडाला होकार देऊन आले.

सु.ला सांगितलं.

"तू त्याला हो म्हणालीस?"

"हो नाही. येते म्हणाले."

"इंग्लिशमध्ये?"

"...हो."

आधी तो हसला, मग मी. हसता हसता मला रडूच फुटलं. उद्या कोर्टाला सांगणार म्हटल्यावर तो गंभीर झाला. "कोर्टाला काहून सांगून राहिली? आजारी आहे म्हण, सुटून जा. पोरगी आहे आपली."

त्याचं चूक नाही. मलाही प्रज्ञासाठीच भीती वाटते. पण आमचे बाबा नागपुरात मतदानाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, लग्नाला निघाल्यासारखे. त्यांच्या आजोबांना कचेरीच्या पायरीवरही कुणी उभं केलं नव्हतं. आणि मी इथे न्याय करायला बसलेय. घाबरून ती खुर्ची सोडायची? नाही सोडणार. सांगितल्यावर त्यांनीच काढलं तर गोष्ट वेगळी.

२६ मार्च, गुरु.

सांगितलं. कोर्टातल्या ऑफिसरचा चेहरा पांढरा पडला. जज्जबाईंनी सोमवारपर्यंत सगळ्यांना घरी पाठवलं, कारण कुणालाच कळलं नाही. मग पोलीस. तरुण मुलगी, माझं बोलणं लिहून घेत होती. ‘येते’ला येऊन पेन अडलं. तीनदा समजावलं.

"सो इन युवर लँग्वेज नोबडी एव्हर लीव्हज?"

म्हटलं, लीव्ह करतात गं, पण तसं सांगत नाहीत.

सु.ने प्रज्ञाला शाळेत सोडलं-आणलं. ती वैतागली. "आय ॲम थर्टीन, बाबा!" तिला काल थोडंसंच सांगितलंय.

२७ मार्च, शुक्र.

पाच वाजले. मी उगाच भांडी घासत बसले, घासलेलीच.

सव्वासहाला त्या पोलीस मुलीचा फोन. तो आला होता! माझ्यावर विश्वास ठेवून दोन कॉफ्या घेऊन खिडकीशी बसला होता. उचलला. मला तर बिचाऱ्याची दयाच आली, चुकीच्या इंग्रजीने मारला गेला. सु. म्हणाला, "बघ, तू दिलेला शब्द पाळायला पोलीस गेले." किती दिवसांनी पोटभर जेवलो.

पण त्याला धाडणारे अजून बाहेर आहेत, हेही तिने सांगितलं. पोलीस गाडी फेऱ्या मारेल म्हणे.

३० मार्च, सोम. कोर्टात

कॉरिडॉरमधल्या छोट्या खोलीत बसलेय, म्हणून ही वही. मघाशी दोन्हीकडचे वकील, आरोपी, सगळ्यांसमोर जज्जबाईंनी मला एकटीला विचारलं. भीती वाटते का? म्हटलं, वाटते. त्या भीतीने निर्णय बदलेल का? म्हटलं, त्या माणसाला भिऊन आरोपीच्या बाजूने नाही आणि रागाने त्याच्या विरुद्धही नाही. पुरावा जे म्हणेल ते. स्वेटरवाल्याने आज माझ्याकडे बघितलं नाही. आरोपीचे वकील म्हणतात, हिला काढा. जज्जबाई आत विचार करतायत. खुर्ची राहते की जाते, बघू. बाबांसारखीच आज साडीला इस्त्री करून आलेय.

सकाळी दारात चप्पल, छे, बूट घालताना नेहमीप्रमाणे म्हटलं, "येते गं." प्रज्ञा जन्मापासून ‘बाय’ म्हणते. आज फोनमधून मान वर केली नाही, पण म्हणाली, "ये, आई." थांबून, "लवकर ये."

ऑफिसर दार वाजवतोय. येते.