करवतीची दुसरी मूठ

नाना,

खर्र... खर्र... खर्र. दाताला तीनदा कानस, मग पुढचा दात. अमावास्येला बैलांना सुटी असायची आणि करवतीला धार. तळोद्याच्या बाजारातून स्वस्तात आणलेली दोन मुठींची करवत तुम्ही मांडीवर आडवी घेऊन बसायचात, शेवटी तेलाचं फडकं फिरवायचात, आणि मी ओट्यावर पाठांतराच्या कविता त्या आवाजाच्या तालात बसवायचो. हे सगळं आज लिहितोय, कारण या वयात मी करवतीचं मशीन घेतलंय. साखळीचं, पेट्रोलवर चालणारं, बाजारातलं सगळ्यात स्वस्त. अंगणातल्या फांद्या कापण्यापुरतं. साखळीला वेगळं तेल, पेट्रोलमध्ये मिसळायचं वेगळं. कुठलं कुठे, ते रोज विसरतो. काल साखळी उलटी बसवली. धूर निघाला, लाकडावर ओरखडासुद्धा नाही. आज सुलटी बसवली, तर दहा मिनिटं चालून मशीन अर्ध्या फांदीतच बंद पडलं. तसाच आत येऊन लिहायला बसलो. मशीनपेक्षा माझाच गोंधळ जास्त आहे. त्याला मूठ धरायला एकच माणूस लागतो, आणि माझे हात अजून समोर कुणीतरी ओढेल याची वाट पाहतात.

वावरात बाभूळ पडली होती तो दिवस. साठच्या दशकातला उन्हाळा. मास्तरकीचा हुकूम माझ्या खिशात, दुपारच्या गाडीने तळोद्याला आणि तिथून वर डोंगरातल्या शाळेत जायचं. जायच्या आधी एवढं खोड कापून देऊ म्हणून आपण समोरासमोर बसलोय. एक ओढ तुमची, एक माझी. मी मनात कविता म्हणतोय, म्हणता म्हणता मोठ्याने. बांधावरून जाणारे काका थांबतात, तुम्हाला विचारतात, "तुन्हा पोऱ्या लाकूड कापी ऱ्हायना का आरती म्हनी ऱ्हायना?" तुम्ही हसता. आणि तेवढ्यात चरण चुकला म्हणून की काय, मी ओढायच्या ऐवजी लोटतो. पातं वाकतं, अडकतं. "लोटू नको रे! तू ओढ, मंग मी ओढसू. इतलं बी समजत नही, अन् चालना पोरं शिकाडाले!" काकांसमोर. कान तापले माझे. पुन्हा सुरू केलं, पण मुकाट्याने. चार-पाच ओढी झाल्या असतील, आणि तुम्ही मूठ सोडलीत. बाजूला जाऊन बसलात. मला वाटलं, राग. मीही माझी मूठ सोडली, ट्रंक उचलली आणि चालू लागलो.

नवव्या दिवशी निरोप आला. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आई म्हणाली, मी गेलो त्या रात्री तुम्ही पोटभर जेवलात, माझ्या कवितेची नक्कल करून सगळ्यांना हसवलंत. काका म्हणाले, त्या दुपारपासूनच छातीवर हात होता. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती. कोणाचं धरू? राग असेल, तर तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. दुखत असेल, तर मी तुम्हाला तसंच टाकून गेलो. चाळीस वर्षं वर्गात पोरांना कवितेचा अर्थ सांगितला, पण त्या दुपारचा अर्थ आजही लागत नाही. कधी हे बरं वाटतं, कधी ते.

पत्र लिहितोय खरं, टाकायचं कुठे? एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. मूठ एकदम सुटली नव्हती. आधीच्या दोन-तीन ओढींतच तुमच्या बाजूचा जोर कमी झाला होता. मला हातात कळलं होतं ते. तरी मी मान वर केली नाही.

आत्ता दार वाजलं. शेजारची सून. आमच्या निंबाचा पाला तिच्या अंगणात पडतो, त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे. हात पिठाचे, धापा टाकतेय. विचारतेय, "बाबा, मशीनना आवाज एकाएकी बंद पडना... तुम्हले काही लागनं नही ना?"