माय तीन वांगी जवळ का आणत नाही

९ फेब्रुवारी २०१७, हिवरखेड
अमरावतीची खोली सोडून घरी आले. कॉलेजातल्या निलोफरने आणि मी केलेला मोबाइलचा खेळ, 'टोपली', पुण्याच्या कंपनीला वीस तारखेला द्यायचा. पसंत पडला तर दोघींना नोकरी. अट एकच, आणि तीच मला आवडली: मोबाइलवर कधीच न खेळलेलं माणूस गाठायचं, काही न शिकवता खेळ हातात द्यायचा, आणि कुठे हसलं, कुठे चिडलं ते टिपायचं.
असं माणूस घरात तयारच आहे. माय. तिच्या साध्या फोनचं हिरवं बटण दाबून उचलते, लाल दाबून ठेवते. बाकी फोनशी तिची ओळख नाही.
खेळ सोपा. पडद्यावर भाजी पसरलेली, नवी येत राहते. सरकवून एकसारखी तीन जवळ आणली की फुटतात, गुण मिळतात. पडदा गच्च भरला की हरलात.
माझा जुना टचचा फोन मायला दिला. दोन मिनिटांत हरली. तोंडावर मात्र समाधान.

१० फेब्रु.
सकाळपासून सहा वेळा हरली. शोध लागला: पडद्याला तिचं बोट लागतच नाही. वांग्याच्या काट्यांनी बोटांची कातडी टणक झालीय. "तुह्या फोनले माहं बोट दिसत नाई व." बोट ओल्या फडक्यावर टेकवून बघ म्हटलं. लागलं. (हे शिकवणं झालं का? नाही धरत.)
बोट लागू लागल्यावर आणखीच नवल. दोन वांगी शेजारी, तिसरं एक चौकोन पलीकडे, आणि ही बाई ते मुद्दाम लांब नेते. मेथीच्या ढिगातलं पिवळं पान न बघता काढणारीला तीन वांगी दिसू नयेत? शिकवायचं नाही म्हणून फक्त टिपून ठेवलं.

११ फेब्रु.
नाही राहवलं. विचारलं, वांगी वेगळी काहून ठेवतेस?
"जवळ आणले का फुटतेत ना."
म्हणजे नियम तिला कालच कळला होता. ती भाजी वाचवत होती! पडदा भरला की माझ्या लेखी हार, तिच्या लेखी वाफा भरला. मी हसत सुटले.
"हसू नको. एवढे लाल भेदरं फोडून काय भेटते तुले?"
"गुण."
"गुण!"
मग मागच्या वर्षीचं सांगितलं. भेदरांना, म्हणजे टोमॅटोला, बाजारात कोणी विचारेना, तेव्हा तिने आणि बाबांनी तेल्हाऱ्याच्या रस्त्याकडेला क्रेटच्या क्रेट ओतले. ढोरंसुद्धा कंटाळली खाऊन. मी परीक्षेत होते, फोनवर 'थोडा माल वाया गेला' एवढंच ऐकलेलं. आमचा टोमॅटो फुटतो तेव्हा 'फच्च' असा आवाज येतो. तो मी तीन दिवस शोधून घातलाय. लाज वाटली. सरळ लिहून ठेवते.

१२ फेब्रु.
निलोफरला अचलपूरला फोन. चित्रं सगळी तिची. ऐकून म्हणाली, "नाम टोपली रखा अपन ने, और टोपली हैच कहाँ?" खरंच की. दोघींच्या लक्षात कसं नाही आलं?
संध्याकाळपर्यंत टोपली काढून पाठवली तिने. आता तीन जवळ आली की उडी मारून टोपलीत, टोपली भरली की लेव्हल सुटली. फुटणं बंद, फच्च बंद.

१३ फेब्रु.
माय पाऊण तास सलग! बाबा ओसरीवरून: "आज चहा भेटीन का नाई?"
"थांबा जरा, मेथी येऊन राहिली."
बाबांनी स्वतः चहा केला. घराच्या इतिहासात पहिल्यांदा. साखर विसरले.
घड्याळ लावलेली लेव्हल दोनदा खेळून फोन उपडा. "भाजी निसाले बसलं आन् कोनी मांगं उभं राहिलं त देठ मोडते." घड्याळ काढून टाकलं.

१५ फेब्रु.
खरं कोडं हे. नववी लेव्हल पहिल्या फटक्यात सुटली, तर तिला जांभई. चौदावी दोन दिवस सुटत नाही, त्या लेव्हलच्या सात पिढ्या उद्धारते, पण सोडत नाही. नीट पाहिलं. फार मागे पडून हरली की फोन ठेवते. एकाने हरली की "एकच राहिलं व माय!" म्हणून लगेच पुन्हा. म्हणजे गंमत हरण्यातच? पण मग कुठल्या हरण्यात? तिलाच विचारलं.
"आपल्या हातानं चुकलं त पुन्हा कराव वाटते. फोनानंच पाडलं त काहाले खेळाव?"
कॉलेजच्या चार वर्षांत हे कोणी असं सांगितलं नाही.

१६ फेब्रु.
पुण्याच्या कंपनीतल्या सरांचा फोन. झालेला भाग पाठवला होता, आवडला. एक बदल हवा. आठ तास खेळ उघडला नाही तर टोपलीतली भाजी सडली पाहिजे. पैसे भरले की पुन्हा ताजी. "धाक असल्याशिवाय लोक परत येत नाहीत हो." एवढं केलं तर दोघींचं नक्की.
मी 'हो सर' तीनदा म्हटलं. बहुतेक चारदा.

१८ फेब्रु.
काल सडणं घातलं, मायला न सांगता. आज शेतातून आल्यावर तिने उघडलं. टोपली काळी. मी वही घेऊन समोर. रडते, चिडते, की फोन फेकते?
"सडलं." शांतपणे. "ठेवलं त सडनच. पहिले जरासं सुकलेलं दाखवलं असतं त मी आली असती."
सडण्याचं तिला काहीच नाही! मग खालची पट्टी वाचून दाखवली: दहा रुपयांत ताजी करा.
"दहा रुपये देल्ले का सडलेलं ताजं होते?"
होतं म्हटलं.
इतकी हसली की पदर तोंडाला लावला. "हे दुकान कुठं हाय? पत्ता दे मले." मग हसणं ओसरलं. "वर्षा, सडवते तोच आन् पैसे घेते बी तोच. चांगलं हाय."
यावर मी काही टिपलं नाही.

१९ फेब्रु.
चहाला तिनेच विषय काढला. "ते टाकलं त नोकरी लागते?"
"हो. निलोफरलाही."
"मंग टाक." एका झटक्यात. मला वाटलं, सुटले.
"आन् मले देल्लेल्या फोनातून काढून दे."
काढला. अठ्ठाविसाव्या लेव्हलवर होती. रागावलेली अजिबात नाही, ते जास्त लागलं. रागावली असती तर भांडता आलं असतं.
खेळ दोन तयार आहेत, एक सडणारा, एक न सडणारा. उद्या पाचपर्यंत पाठवायचा. निलोफरला सगळं सांगितलं, मायचं हसणंसुद्धा. ती हसली नाही. म्हणाली, "अम्मी को मैं ने आज बोल दिया, नौकरी लग गयी करके."
मेल उघडून बसलेय. अजून काही जोडलेलं नाही.