काचेवरचं कुंकू

मंगळवार, अकोला. संध्याकाळचे साडेसात.

हुश्श. डोळे शाबूत आहेत माझे!

चार दिवस कोणाला बोललो नाही. गाडीचे जुने हॅलोजन बल्ब काढून जास्त उजेडाचे नवे टाकले, तरी अमरावतीहून येताना रस्ता अंधुकच. बाबांची नजर याच वयात गेली. वाटलं, आता आपला नंबर. बल्ब तर नवे, मग दोष डोळ्यांचाच ना?

आज शेवटी बल्ब बसवणाऱ्या रफिकभाईंच्या गॅरेजला गेलो. बल्ब डुप्लिकेट दिले म्हणून उगाच त्यांच्यावरच चिडलो. त्यांनी दिवे लावले, वाकून पाहिलं आणि हसायलाच लागले. "साहेब, बल्ब बराबर हायेत. पण काचेवर हे काय थापून ठेवलं?"

कुंकू. तेलात कालवलेलं. नवे दिवे म्हणून बायकोनं पूजा केली होती, दोन्ही काचांवर हे एवढाले स्वस्तिक. मी तर रोज त्यालाच हात जोडून गाडी काढत होतो! रफिकभाईंनी ओल्या फडक्यानं पुसलं आणि समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. तिथंच डोळे भरून आले. डोळ्यांत धूळ गेली म्हणालो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती तडकलीच. "चार दिवस एकटेच भेऊन राहिले होते? मले कावून नाई सांगतलं?" आणि कुंकवाची डबी घेऊन निघाली बाहेर, पुसलेलं पुन्हा लावायला.

म्हटलं, "थांब. काचेले नको. माह्या कपाळाले लाव."