शिंप्याकडे गेलेला निळा गाऊन

सूनबाई,

मी शिंप्याकडे पळतोय. जेवायला माझी वाट बघू नकोस.

तूच म्हणालीस ना, जुने कपडे फेकायचे नाहीत, बाजाराच्या पिशव्या शिवून घ्यायच्या. मला पटलं. सकाळी चिंध्यांचं गाठोडं नेऊन दिलं, त्यात खुर्चीवरचा निळा गाऊनही कोंबला. बाही उसवलेली, रंग उडालेला, मला काय ठाऊक! आत्ता तुझ्या नवऱ्याचा फोन आला, त्याला गाऊनचं सांगितलं तर म्हणाला, "बाबा, तो तिच्या आईचा आहे. आई गेल्यापासून ती तो उशाशी घेऊन झोपते." चपला घालूनच ही चिठ्ठी लिहितोय. मेला शिंपी फोन उचलत नाही. एरवी महिना महिना कापडाला हात लावत नाही, आज नेमकी कात्री चालवली नाही म्हणजे मिळवली.

भाजीची सालं खताच्या बादलीत टाकलीत, वर माती तेवढी पसर.

गाऊन धड असला तर तुझ्या हातात आणून देतो. कापला असला तर तुकडा न् तुकडा वेचून आणीन, चिंधीसुद्धा सोडणार नाही. मग काय बोलायचं ते मला तोंडावर बोल. फक्त दार लावून एकटी रडत बसू नकोस, पोरी.

बाबा