पंचेचाळीसवर लाव

बारक्या,

तुला उठवलं नाही, प्रयोगशाळेत निघाले आहे. परवा जेवताना तुझ्या पहिल्या रेकॉर्डबद्दल मी म्हणाले, "ह्यावर नाचायचं कसं? पाय ओढत चाललंय." तू ताटावरून उठलास आणि 'दुसरी काढू नका' असं रेकॉर्ड काढणाऱ्या त्या छोट्या कंपनीला कळवतो म्हणालास.

चूक माझी होती. तू घरी नसताना मी ती रेकॉर्ड प्लेअरवर बाबांच्या जुन्या गाण्यांसारखी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर लावली होती. आज त्यावरचं बारीक अक्षर वाचलं: पंचेचाळीस. दोन्ही वेगांवर घड्याळ लावून मोजलं. तेव्हा मिनिटाला शहाण्णव ठोके पडत होते, आता एकशे तीस पडतात. दिवसभर दुसऱ्यांची उपकरणं तपासते आणि घरातलं एक बटण पाहिलं नाही.

मग आवाज बारीक ठेवून नीट ऐकली, दोनदा. दुसऱ्यांदा दूध उतू गेलं, कारण मी ओट्यापाशी नाचत होते. शेगडी पुसली आहे, वास मात्र येईल.

कंपनीला अजून लिहिलं नसशील तर लिहू नकोस. लिहिलं असशील तर मला फोन कर, बहिणीला अक्कल नाही असं मीच त्यांना कळवते.

बटण पंचेचाळीसवरच ठेवलंय. संध्याकाळी मी आल्यावर लाव. एकटीने नाचायला लाज वाटते.

ताई