हिरवी चारं

माय, तुझं जातं अजून माझ्याकडेच आहे. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. भांडीकुंडी नातेवाइकांनी वाटून घेतली आणि हे जड धूड कुणालाच नको म्हणून माझ्या वाट्याला आलं. खामगावात इतक्या खोल्या बदलल्या, दर वेळी टेम्पोवाला कुरकुरला, पण मी ते सोडलं नाही.

मी आता झाडांचा अभ्यास करते. आपल्या घाटातली चारोळीची झाडं का संपत चालली आणि परत कशी वाढवता येतील, हे शोधायचं काम. उन्हाळाभर रानात एकटी हिंडते, बुंधे मोजते. आपण दोघी टोपल्या घेऊन जायचो तिथं आता बोटांवर मोजावीत एवढीच झाडं उरलीत, आणि त्यांच्याखाली एकही रोप नाही. त्याचं कारण मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी ते कागदावर आणायला दोन वर्षं लागली. चारं, म्हणजे चारोळीची फळं, पिकून काळी व्हायच्या आधीच लोक फांदीसकट तोडतात, आणि कच्च्या फळातलं बी रुजत नाही. हिरवी काऊन तोडतो आपण, असं मी तुला विचारलं होतं. फांदी वाकवत, माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "पिकू देली त दुसरं कोणी तोडून नेते. हिरवी हायेत तवरच आपली." या वैशाखात उंद्रीकडची एक बाई अगदी तशीच फांदी ओढत होती. तिला समजावणं हे माझं कामच. पण मी तिची टोपली धरून उभी राहिले.

गेल्या वर्षीच एका झाडाला जाळी बांधली होती आणि फळं काळी होईपर्यंत रोज त्याच्याखाली जाऊन बसले. तरी बी रुजलं नाही. कवच फार टणक. तेव्हा जातं आठवलं. मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून तू वरचा दगड जरासा उचलायचीस, म्हणजे कवच तडकायचं आणि आतली चारोळी शाबूत राहायची. एकदा मी घाईनं फिरवून पार भुगा केला, तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. "हयू हयू फिरव, बाई. अंदर जीव हाय."

यंदा तसंच केलं. कोंब आले, माय. मी फोन काढला, त्यातली नावं वरून खाली पाहिली आणि ठेवून दिला. सांगावं असं कुणीच नव्हतं. फार एकटं वाटलं.

काल अहवाल दिला. कच्ची फळं कोण तोडतं, तिथं लिहिलं, 'स्थानिक लोक'. बी तडकवायच्या रीतीपाशी आधी 'माझी आई' असं लिहिलं, मग खोडलं आणि लिहिलं, 'प्रयोगाअंती असे आढळले'. तुला लिहिलेला हा कागद आता जात्याखाली सारते. तुझी लाज वाटली म्हणून खोडलं नाही, माय. ती रीत माझी वाटावी, असं मला वाटलं.