बिस्किटांच्या डब्यातली कार्डं

३ फेब्रुवारी

कोणीतरी डबा उघडलाय! कार्डांना मी रबराचे दोन वेढे देते, आज एकच होता. घरात माणसं तीन – मी, लेक, सूनबाई. लेकाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो माझी इंग्रजीची कार्डं कशाला शोधतोय? मग उरलं कोण!

५ फेब्रुवारी

चोपन्नाव्या वर्षी बारावीची परीक्षा म्हणून सूनबाई हसत असेल. हसू दे. बाकी विषय सुटले, एक इंग्रजी राहिलं. पास झाले की बालवाडीतला एक वर्ग माझा. मग पोरं मला ‘मावशी’ नाही, ‘बाई’ म्हणतील. एकोणीस वर्षं नुसती नाकं पुसलीत त्यांची.

८ फेब्रुवारी

चोर सापडला! ‘अँटॅगनिस्ट’च्या कार्डावर मी लिहिलं होतं – गोष्टीतलं मुख्य पात्र. ते खोडून ‘मुख्य पात्राच्या आड येणारा’ केलंय. ‘प्रोटॅगनिस्ट’वर बरोब्बर उलटं. तेही माझ्या अक्षराची नक्कल करून! मला नापास करायचा घाट घातलाय हिनं. शिकवणीच्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं मी स्वतः उतरवलंय. शेवटच्या बाकावरून का होईना, उतरवलंय ना?

दोन्ही कार्डं परत पेनानं लिहिली. आता खोड म्हणावं!

९ फेब्रुवारी

म्हणे, “आई, तुमचा सराव घेऊ का? निबंधाची सुरुवात, मधला भाग, शेवट...” म्हटलं, “माझी मी समर्थ आहे.” तोंड एवढंसं झालं. साळसूद कुठली!

१० फेब्रुवारी

डबा कपाटात. किल्ली कमरेला.

२ मार्च

पेपर झाला! निबंध – ‘आवडत्या गोष्टीतला अँटॅगनिस्ट’. पंधरा गुण! गोष्टीतल्या शूर मुलीवर दोन पानं भरली. सुरुवात, तीन परिच्छेद, समारोप – सगळं जागच्या जागी. सूनबाईनं दारातच विचारलं, “कसा गेला?” मी म्हटलं, “तुझ्या कृपेशिवाय उत्तम.”

३ मार्च

सरांना निबंध सांगितला. ते चष्मा काढून डोळे चोळत बसले. मग म्हणाले, “मावशी, उलटं झालं हो.”

शिकवणीतल्या एका पोरीची वही मागून पाहिली. सूनबाईनं केलं होतं तेच बरोबर. तोंडावर सांगितलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून गुपचूप. माझी मलाच लाज वाटतेय.

२० मे

निकाल लागला. तीन गुणांनी नापास. मीच किल्ली काढून सूनबाईच्या हातावर ठेवली. म्हटलं, “पहिल्या कार्डापासून घ्या, बाई.”